पन्हळ-सफाई आणि दिव्यांच्या हंगामासाठी यार्ड साइन: किती, कुठे, केव्हा?

मेपल_आणि_ओक

नमस्कार मंडळी. सेंट्रल न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत, दोन माणसांचा लहान व्यवसाय आहे. छताच्या पन्हळी साफ करणं, निसटलेली पन्हळ पुन्हा बसवणं आणि हिवाळ्याच्या तोंडावर घरांना दिव्यांच्या माळा लावून देणं, एवढीच कामं. ऑनलाइन जाहिरातीचा एकेक क्लिक परवडेनासा झालाय, म्हणून या वर्षी अंगणात खोचायच्या पाट्या करून बघायच्या आहेत. बजेट सगळं मिळून ५०० ते ६०० डॉलर.

विचारायचं ते असं:

१. आकार कोणता आणि नग किती? प्रिंटरच्या साइटवर जाडी, स्टेक (पाटीचा जमिनीत खोचायचा तारेचा पाय), एकबाजू-दोनबाजू असे दहा पर्याय दिसतात.
२. पाटीवर काय लिहायचं? लोगो, वेबसाइट, क्यूआर कोड, फोन, कामांची यादी, सगळं हवंसं वाटतं.
३. कधी लावायची? पानगळ सुरू झाल्यावर की आधी?
४. चौकात, हायवेच्या रॅम्पपाशी अशा पाट्यांचं रान माजलेलं दिसतं. ते चालतं का?
५. दोन्ही कामं एकाच पाटीवर टाकू की वेगवेगळ्या करू?

ज्यांना यातलं कळतं त्यांनी तपशिलात सांगा. "करून बघा, छान चालतं" एवढ्यावर सोडू नका.

छापखाना

ताई, पहिले दोन प्रश्न मी घेतो.

आकार १८ बाय २४ इंच, आडवा. वस्तू म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचं नालीदार प्लास्टिक. कोरोप्लास्ट म्हणून विकतात. ४ बाय ८ फुटांच्या एका शीटमधून असे दहा तुकडे निघतात, म्हणून दहाच्या पटीत मागवा. पन्नास नग, दोन्ही बाजूंनी छापलेले, स्टेकसकट, ऑनलाइन प्रिंटरकडे साधारण ३०० ते ४५० डॉलरमध्ये बसतात. पंचवीसच घेतले तर नगाचा भाव चढतो आणि वाचत फारसं काही नाही. दोन मजली घराच्या पन्हळी साफ करण्याचे दर धरले, तर दोन-तीन कामांत खर्च वसूल.

दोनबाजूच घ्या. पाटी रस्त्याला काटकोनात उभी करायची असते, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्हीकडच्या गाड्यांना दिसते. एकबाजू पाटी रस्त्याकडे तोंड करून लावली की ती फक्त समोरच्या घराला वाचता येते.

ऑर्डर देताना एक गोष्ट लेखी मागा: नाल्या उभ्या, म्हणजे १८ इंचाच्या बाजूला समांतर हव्यात. तारेचा एच-स्टेक खालून नालीत शिरतो. नाल्या आडव्या आल्या तर स्टेक खोचायला जागाच नाही, आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात पाटी मधोमध आडवी दुमडते. स्टेक १० बाय ३० इंची, ९ गेजचा (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) चालतो. खाली पाव इंच जाड पाय असलेला भारी स्टेकही मिळतो, दर नगाला डॉलर-दीड डॉलर जास्त. मोकळ्या, वारा लागणाऱ्या कोपऱ्यांसाठी दहा-बारा तसले घ्या, बाकीचे साधे.

आता मजकूर. इथे गणित करा, आवडीनिवडी बाजूला ठेवा. बोर्डवाल्यांचा जुना ठोकताळा असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. डोळे ताणून तिप्पट अंतरापर्यंत. ताशी २५ मैलांनी जाणारी गाडी एका सेकंदात ३७ फूट कापते. म्हणजे तीन इंची आकडा असेल तर ड्रायव्हरला नीट वाचायला जेमतेम एक सेकंद, फार तर अडीच. ताशी ४० मैलांवर तेवढंही नाही.

२४ इंचांत दोन्हीकडे एकेक इंच समास सोडला की २२ उरतात. फोन नंबर म्हणजे दहा आकडे आणि दोन आडव्या रेघा, बारा जागा. ठळक अक्षराची रुंदी उंचीच्या साधारण ०.६ पट असते. हिशोब केला की नंबर एका ओळीत तीन इंचांपेक्षा फारसा मोठा होतच नाही. तुमच्याकडे ७३२ आणि ८४८ हे दोन्ही एरिया कोड एकाच भागात चालतात, त्यामुळे एरिया कोड गाळून आकडे मोठे करायची सोयही नाही.

म्हणून उंचीची वाटणी अशी करा. वर १ इंच मोकळा. "गटर" (पन्हळीचा इंग्रजी शब्द) याची ओळ साडेचार इंच. १ इंच सोडा. "क्लीनिंग" शब्दाची ओळ साडेचार. इंग्रजीत आठ अक्षरं आहेत, २२ इंचांत बरोबर मावतात. १ इंच सोडा. फोन तीन. १ इंच सोडा. १ इंचाची एक बारीक ओळ, तीत व्यवसायाचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. खाली १ इंच. झाले अठरा. यात लोगोला, शिडीवर चढलेल्या माणसाच्या चित्राला, "मोफत कोटेशन"ला जागा उरत नाही, आणि ते बरंच आहे. पुणेरी पाटीवर माणूस थांबून वाचतो. इथे तो गाडीत आहे.

क्यूआर कोड या आकाराच्या पाटीवर वाया. स्कॅन करायचं अंतर कोडच्या रुंदीच्या दहापट धरतात. दहा फुटांवरून स्कॅन व्हायचा तर एक फूट रुंद कोड लागेल, म्हणजे पाटीची अर्धी रुंदी गेली.

रंग: पिवळ्यावर काळा किंवा पांढऱ्यावर काळा. ऑक्टोबरात लाल-निळा-पांढरा अजिबात नको. उमेदवारांच्या गर्दीत तुमची पाटी कोणी बघणारसुद्धा नाही. सम वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात प्रिंटरही निवडणुकीच्या कामात बुडालेले असतात, ऑर्डर ऑगस्टच्या शेवटी देऊन टाका. न्यू जर्सीत राज्याच्या निवडणुका विषम वर्षी असतात, त्यामुळे तुम्हाला दरवर्षीच हे धोरण ठेवावं लागेल.

टाउनहॉल

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, चालत नाही. दिसतात याचा अर्थ परवानगी आहे असा नव्हे. काढायला माणूस अजून आलेला नाही एवढाच.

सगळा घोटाळा रस्त्याची हद्द न कळल्याने होतो. डांबर संपलं की खासगी जागा सुरू, असं नसतं. न्यू जर्सीत निवासी रस्त्याची हद्द बहुधा ५० फूट रुंद असते. त्यात डांबर ३० फूट धरलं, तर कर्बपासून (डांबराच्या कडेचा उंच काठ) आत दोन्हीकडे दहा-दहा फूट जमीन सार्वजनिक रस्त्याचीच. तिथलं गवत घरमालक कापतो, पाणी तोच घालतो, पण पाटी लावायला ती जागा त्याची नाही. फूटपाथ आणि कर्ब यांच्यामधली हिरवळीची पट्टी तर जवळपास नेहमीच हद्दीत येते. फूटपाथ असेल तर त्याच्या आतल्या कडेपासून घराकडे एक-दोन फूट सरका. नसेल तर विजेचा खांब आणि हायड्रंट (आगीच्या बंबाचा नळ) कुठे आहेत ते बघा. ते बहुधा हद्दीतच उभे असतात, त्यांच्या ओळीच्या आत या. खात्री हवी तर काउंटीच्या पार्सल नकाशावर घराची सीमारेषा दिसते, ती कर्बपासून मोजा.

दुभाजक, रॅम्प, विजेचे खांब, ट्रॅफिक सिग्नल हे सगळं वर्ज्य. पाटीवर तुमचाच फोन नंबर असतो, तेव्हा दंडाची नोटीस कोणाला पाठवायची हे शोधायला अधिकाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. फ्लोरिडातल्या हॉलिवूड नावाच्या शहराने तर अशा पाट्यांवरच्या नंबरांना यंत्राने सतत फोन लावत राहण्याचा उपाय केला होता.

"राजकीय पाट्या चालतात मग आमच्या का नाही" हा वाद घालायला जाऊ नका. रीड विरुद्ध टाउन ऑफ गिल्बर्ट या २०१५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने मजकूर बघून पाट्यांना वेगवेगळे नियम लावायला मनाई केली हे खरं. पण सार्वजनिक जागेवर सगळ्यांना सारखीच बंदी घालता येते, हेही त्याच निकालात आहे. आकार, जागा, मुदत यांचे नियम गाव करू शकतं. तुमच्या टाउनशिपची संहिता ऑनलाइन असेल, तीत "टेम्पररी साइन" आणि "कॉन्ट्रॅक्टर साइन" हे दोन्ही शब्द शोधा. सहसा तीन गोष्टी सापडतात: एका प्लॉटवर किती, किती चौरस फुटांपर्यंत, आणि काम संपल्यावर किती दिवसांत काढायची. १८ बाय २४ म्हणजे ३ चौरस फूट, बहुतेक मर्यादांत बसतं. २४ बाय ३६ केली की ६ होतात आणि कुठे कुठे परमिट लागू शकतं. संहितेतलं कळलं नाही तर झोनिंग ऑफिसरला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

रजिस्ट्रेशन: पन्हळ पुन्हा बसवता म्हणजे दुरुस्ती करता, म्हणजे होम इम्प्रूव्हमेंट कॉन्ट्रॅक्टर म्हणून नोंदणी लागते. न्यू जर्सीत तो १३व्हीएच ने सुरू होणारा नंबर प्रत्येक जाहिरातीत ठळक दिसायला हवा. पाटी ही जाहिरातच. छापखाना यांनी सांगितलेल्या शेवटच्या ओळीत तो घ्याच, आणि गाडीवरही हवा. डेलावेअर नदीपलीकडे बक्स काउंटीत कामं घेत असाल तर पेनसिल्व्हेनियाची नोंदणी वेगळी, आणि तिथेही जाहिरातीत नंबर सक्तीचा. दोन्ही राज्यांत एकच पाटी वापरायची तर दोन नंबर छापावे लागतील.

घरमालकाची परवानगी लेखी घ्या. वेगळा कागद नको, कामाच्या करारातच एक ओळ: "काम झाल्यावर ___ दिवस समोर पाटी ठेवण्यास संमती", आणि बाजूला आद्याक्षरं. एचओए (घरमालकांची संघटना) असलेल्या वसाहतीत मालकाने हो म्हटलं तरी संघटनेच्या नियमावलीत व्यावसायिक पाट्यांना बंदी असण्याची शक्यता दाट असते, आणि दंडाचं पत्र मालकाला येतं, तुम्हाला नाही. तिथे आधी विचारा. टाउनहाऊसच्या वसाहतींचा नादच सोडा, समोरचं अंगणही बहुधा सामाईक असतं.

न विचारलेलं एक: व्यवसाय ज्याच्या नावावर आहे त्याच्या व्हिसाचं बघून घ्या. एच-४ ईएडीवर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) स्वतःचा व्यवसाय चालवता येतो. एच-१बी वर नोकरी करणाऱ्याने शनिवारी शिडी धरायला जाणं हे "मदत" म्हणून खपत नाही.

दिवेलागण

तिसरा आणि पाचवा प्रश्न.

पाट्या वेगळ्याच करा. दोन कामं एका पाटीवर घेतली की अक्षरं निम्मी होतात. वरचं गणित बघा. शिवाय दोन्हींचे हंगाम एकमेकांवर चढतात, पण एक नाहीत.

पन्हळींचं वेळापत्रक झाडं ठरवतात. मध्य जर्सीत मेपलची पंखवाली बियाणी मेच्या आसपास गळतात, ओकचे तुरे मेच्या मध्यावर. त्यामुळे वसंतातली सफाई जूनच्या पहिल्या पंधरवड्यात खपते, पाटी मेच्या शेवटच्या आठवड्यात. शरदात मेपल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रिकामा होतो, ओक मात्र थँक्सगिव्हिंगनंतरही पानं टाकत असतो, आणि पिन ओक तर काही पानं हिवाळाभर धरून ठेवतो. इथेच नवे लोक फसतात. ऑक्टोबरच्या मध्यात पाटी बघून गिऱ्हाईक फोन करतं, तुम्ही लगेच जाऊन साफ करता, आणि तीन आठवड्यांत पन्हळ पुन्हा भरते. मग तक्रार तुमच्याच नावाने. फोनवरच विचारा, घराभोवती कोणती झाडं आहेत. ओक असेल तर तारीख थँक्सगिव्हिंगनंतरची द्या, किंवा दोन फेऱ्यांचा एकत्र भाव सांगा.

पाटी म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पानं पन्हळीतून डोकावायला लागल्यावर लावली तर त्या आठवड्यात सगळ्यांनाच फोन येत असतात आणि तुमच्याकडे तारखा नसतात. शेवटच्या पाट्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उपटून आणा. जमीन गोठली की स्टेक निघत नाही, ओढला तर पाटीच हातात येते. आणि बर्फ पडल्यावर बर्फ हटवणाऱ्या गाडीने ती उडवली तर प्लास्टिकचे तुकडे वेचायला वसंतात जावं लागेल.

दिव्यांबद्दल एक गोष्ट तुमच्याच काउंटीत चालते. एडिसन, ईस्ट ब्रन्सविक, साउथ ब्रन्सविक भागात आपली वस्ती एवढी आहे की हंगाम थँक्सगिव्हिंगला सुरू होत नाही, दिवाळीला होतो. बाकीचे व्यावसायिक नोव्हेंबरच्या मध्यापासून धावपळ करतात, तेव्हा तुमची अर्धी घरं झालेली असायला हवीत. "दिवाळी ते न्यू इयर, एकदाच लावणी" असं पॅकेज करा, वॉर्म व्हाइट माळा, म्हणजे दोन्ही सणांना चालतात आणि शिडी दोनदा लावावी लागत नाही. तारखा दरवर्षी हलतात हे लक्षात ठेवा. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजनाच्या सहा आठवडे आधी पाटी जमिनीत हवी. २०२६ मध्ये मतदान ३ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीच्या आधीचे सगळे आठवडे उमेदवारांच्या पाट्यांशी सामना. रंगाचं वर सांगितलंय ते म्हणूनच.

मजकुरात "दिवाळी लाइट्स" हे इंग्रजी अक्षरांतच ठेवा. देवनागरीत लिहिलं तर गुजराती, तेलुगू, तमीळ शेजारी गेले.

दिव्यांच्या पाटीची खरी अडचण वेगळी आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. लोक कामावरून परततात तेव्हा अंधार. तुमचं काम झगमगतंय आणि पाटी काळोखात. उपाय तीन. पाटी पांढऱ्या किंवा पिवळ्या पार्श्वभूमीची. गडद पार्श्वभूमी रात्री नाहीशी होते. घराच्या वाटेवर जमिनीतले दिवे लावले असतील तर पाटी त्यांच्या उजेडात, कडेला. नाहीतर दहा-पंधरा डॉलरचा सौर स्पॉटलाइट पाटीच्या पायाशी, उजेड वर आणि तिरका. समोरून सरळ मारला की चकाकी येऊन आकडे पुसले जातात. दोन्ही बाजूंना दिवा लावणं परवडत नसेल तर कामावरून परतणाऱ्या गाड्या ज्या बाजूने येतात ती बाजू उजळा.

डीएफडब्ल्यूकर

डॅलसच्या बाजूने थोडं. इकडचं हवामान निराळं, पण पाटी तीच.

ऑगस्टात इथली काळी चिकणमाती विटेसारखी होते. ९ गेजचा स्टेक दाबला की वाकतो. लांब स्क्रूड्रायव्हर किंवा अर्ध्या इंचाची सळई हातोडीने सहा-आठ इंच ठोकून आधी दोन भोकं करा, १० इंच अंतरावर, मग स्टेक घाला. आदल्या संध्याकाळी मालकाने स्प्रिंकलर चालवला असेल तर आणखी सोपं. तुमच्याकडे ही अडचण उन्हाळ्यात क्वचित येईल, पण डिसेंबरात गोठलेल्या जमिनीत हीच युक्ती चालते.

ठोकायच्या आधी मालकाला दोन प्रश्न: स्प्रिंकलरची लाइन कुठून जाते, आणि कुत्र्यासाठी अदृश्य कुंपणाची तार पुरलीय का. ती तार काही इंचांवरच असते आणि नेमकी प्लॉटच्या कडेने जाते, जिथे तुम्हाला पाटी हवी असते. तुटली तर दुरुस्ती तुमच्या गळ्यात. सळई ठोकणार असाल तर ८११ ला आधी कळवा, फुकट असतं, गॅस-केबलवाले येऊन खुणा करून जातात.

आणि हिरवळीच्या मधोमध पाटी लावू नका. गवत कापणारी मंडळी ती उपटतात आणि गराजला टेकवून निघून जातात. परत कोणी लावत नाही. झाडाभोवती पसरलेल्या मल्चच्या (लाकडाच्या सालीचा भुगा) कडेला लावा. कडेलाच, कारण मधे बहुधा कापड अंथरलेलं असतं आणि त्याला भोक पाडलेलं मालकाला आवडत नाही.

टेक्सासमध्ये कोणी वाचत असेल तर: सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीतल्या पाट्यांवर वाहतूक संहितेचं ३९३वं प्रकरण लागू होतं. एसीचं काम करणाऱ्यांनी लायसन्स नंबर पाटीवर टाकायला विसरू नये.

छापखाना यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. नाव एक इंचात कोंबू नका. चाळिशीच्या आतले लोक नंबर डायल करत नाहीत, घरी जाऊन नाव शोधतात, रिव्ह्यू बघतात. नाव वाचताच आलं नाही तर शोधणार काय? "गटर" आणि "क्लीनिंग" चार-चार इंचांवर आणा, नावाला दोन इंच मिळतात.

छापखाना

मुद्दा बरोबर, पण एका अटीवर. शोधल्यावर काहीतरी सापडायला हवं. गूगलवर प्रोफाइल आहे, वीस-पंचवीस रिव्ह्यू आहेत, तर नाव दोन इंच करा. प्रोफाइल रिकामं असेल तर शोधणारा माणूस तुमच्या नावाऐवजी "गटर क्लीनिंग" टाकतो आणि वरच्या तीन मोठ्या कंपन्यांपैकी एकीला फोन करतो. तुमच्या पैशाने त्यांची जाहिरात. नाव मोठं करायचं तर ते आठ-दहा अक्षरांत बसणारं आणि स्पेलिंग एकदा बघून लक्षात राहणारं हवं. आपल्याकडे कुलदैवताच्या नावाने कंपनी काढायची पद्धत आहे. त्याचं इंग्रजी स्पेलिंग अमेरिकन शेजाऱ्याच्या डोक्यात घरापर्यंत टिकत नाही.

मेपल_आणि_ओक

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. उरलेलं विचारते.

अ. पन्नास पाट्या घेतल्या तर त्या लावायच्या कुठे? अजून पन्नास गिऱ्हाइकं नाहीत.
आ. कोणत्या पाटीमुळे फोन आला हे कळणार कसं?
इ. शेजारच्या घरांच्या मेलबॉक्समध्ये पत्रकंही टाकावीत का?
ई. पुढच्या वर्षी त्याच पाट्या चालतील?

टाउनहॉल

इ चं आधी, कारण ते गंभीर आहे. मेलबॉक्समध्ये टपालाचं तिकीट नसलेला कागद टाकणं हा फेडरल गुन्हा आहे. पेटीत नाही, पेटीच्या झाकणात अडकवूनही नाही. दाराच्या मुठीला अडकवायचं डोअर हँगर चालतं, पण काही गावांत त्यालाही फेरीवाला परवाना लागतो, क्लार्कच्या ऑफिसात विचारा. "नो सॉलिसिटिंग" लिहिलेल्या दारावर काही अडकवू नका. टपालखात्याचं ईडीडीएम हाही मार्ग आहे; पत्त्यांशिवाय एका पोस्टमनच्या पूर्ण वाटेवर कार्डं जातात, पण किमान संख्या आणि खर्च बघता पहिल्या वर्षी नको.

दिवेलागण

अ. पन्नास पाट्या म्हणजे एकाच दिवशी पन्नास घरं असा अर्थ नाही. पाटी फिरती असते. आज काम झालेल्या घरासमोर लावली, दोन-तीन आठवड्यांनी उचलली, पुढच्या घरी. हंगामाच्या मध्यावर एका वेळी पंधरा-वीस बाहेर असतील. काही हरवतात, काही शेजारी काढून टाकतात, काही मालकाला नको होतात. पन्नास पुरतात, त्यातल्या तीस पन्हळींच्या आणि वीस दिव्यांच्या करा.

मात्र विखरू नका. वीस पाट्या वीस वस्त्यांत लावल्या तर प्रत्येकीत एकेक दिसते आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. दोनच वस्त्या निवडा, साधारण एकाच वयाची घरं आणि मोठी झाडं असलेल्या. एकाच रस्त्यावर तीन घरांपुढे तीच पिवळी पाटी दिसली की चौथा विचारतो. शेजाऱ्याची पन्हळ कोणी साफ केली, ही खरी शिफारस. पाटी त्या शिफारशीवर फक्त नंबर लावते. तुम्हालाही एका दिवशी त्याच रस्त्यावर चार कामं मिळाली तर गाडी हलवावी लागत नाही.

पहिली जागा कोपऱ्याच्या प्लॉटची. स्टॉप साइनच्या आधी गाडी हळू होते, तिथे वाचायला चार-पाच सेकंद मिळतात. पण कोपऱ्यालगत नको. वळणाऱ्या ड्रायव्हरच्या दृष्टीसमोरचा त्रिकोण मोकळा ठेवावा लागतो, कोपऱ्यापासून किती फूट ते संहितेत दिलेलं असतं. स्कूल बसचा थांबा असलेलं घर दुसरं उत्तम. तिथे पालक पाच-दहा मिनिटं उभे असतात, आणि क्यूआर कोडची हौस असेल तर ती इथेच भागवा, दोन-तीन पाट्यांपुरती.

कोपऱ्यावरच्या घराला काय द्यायचं हा प्रश्न येतोच. रोख पैसे नकोत, पुढच्या सफाईवर सूट द्या. म्हणजे तो तुमचं गिऱ्हाईकही राहतो.

डीएफडब्ल्यूकर

आ. गूगल व्हॉइसचा एक नंबर फक्त पाट्यांसाठी घ्या, तुमच्या मोबाइलवर वळवा. त्यावर आलेला प्रत्येक फोन पाटीचाच. प्रत्येक खात्याला एकच नंबर मिळतो, म्हणून दिव्यांसाठी वेगळा हवा तर दुसरं खातं. हा नंबर सोडू नका; जुनी पाटी कोणाच्या तरी गराजमधून दोन वर्षांनी बाहेर येते.

कुठल्या पाटीचा हे मात्र नंबर सांगत नाही, विचारावं लागतं. "पाटी कुठे बघितलीत?" हा पहिला प्रश्न, भाव सांगायच्या आधी. एक साधी शीट ठेवा: पत्ता, लावल्याची तारीख, काढल्याची तारीख, आलेले फोन, मिळालेली कामं. काढायची तारीख रकान्यात असली की टाउनशिपच्या मुदतीतही राहता.

आणि फोन उचला. पाटी बघून फोन करणारा माणूस बहुधा तिथेच उभा असतो किंवा गाडी बाजूला घेतलेली असते. तो व्हॉइसमेल ठेवत नाही, पुढे जातो. शिडीवर असताना फोन दुसऱ्या माणसाकडे द्या, किंवा न उचललेल्या फोनला आपोआप मेसेज जाईल असं लावा.

छापखाना

ई. चालतील, जर पाटीवर वर्ष, तारीख आणि भाव छापला नसेल तर. "९९ डॉलरपासून" वगैरे लिहूच नका. दोन मजली घर आणि मागे उतार असलेलं घर यांचा भाव एक नसतो, आणि फोनवर पहिलं वाक्य "पाटीवर तर ९९ होते" हे येतं.

यूव्ही शाईची छपाई उन्हात दोन हंगाम धरते. लाल रंग सगळ्यात आधी उतरतो, काळा टिकतो. हंगामापुरती ओळ हवी असेल, समजा "दिवाळीपूर्वी तारखा शिल्लक", तर व्हिनाइलची पट्टी वेगळी छापून चिकटवा. चिकटवण्याआधी पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि काम घरात करा. ५० फॅरनहाइटच्या खाली चिकट धरत नाही, नोव्हेंबरात अंगणात उभं राहून लावलेली पट्टी दोन दिवसांत सुटते. पट्टी सपाट दिसायला हवी तर रबराच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत जा, नालीच्या दिशेने, उभी. आडवं दाबलं की नाल्यांच्या खोलगटांत हवा अडकते.

हंगाम संपला की स्टेक काढूनच ठेवा. नालीत स्टेक तसाच ठेवला तर गंज आत उतरतो आणि पाटीवर तपकिरी ओघळ येतात. पाट्या धुऊन, पूर्ण वाळवून, आडव्या रचा. भिंतीला टेकवून ठेवल्या तर गराजच्या उन्हाळ्यात वाकतात. वाकलेले स्टेक हाताने सरळ होतात, पण वरची दोन टोकं दहा इंच अंतरावर आहेत ना ते मोजा. अंतर चुकलं की पुढच्या वर्षी नाली फाटते. खराब झालेल्या पाट्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे पाच नंबरच्या प्लास्टिकच्या असतात. घरासमोरच्या रिसायकलिंगमध्ये बहुधा घेत नाहीत, टाउनशिपच्या डेपोत विचारा. शिडीच्या पायाखाली घालायला मात्र ठेवू नका. ओल्या गवतावर ते सरकतं.